जेवणानंतरची अक्षरं

घरच्या छापखान्यात त्यांना सगळेच वहिनी म्हणत, त्यांच्याहून वयानं थोर असलेला मशिनवालासुद्धा. अक्षरं रेखाटणं हे त्यांचं काम. स्वतःच्या हातावर त्यांचा जेवढा भरवसा होता तेवढा नवऱ्यावरही नसावा, पण हे आपल्यातच राहू द्या.

नाट्यगृहाला रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर पाट्या लावायच्या होत्या. पाट्या चिंचोळ्या आणि नाटकांची नावं ऐसपैस. छापखाना चालवणारा धाकटा दीर म्हणाला, "त्यात काय, वहिनी? नेहमीचाच फॉन्ट घेऊ, कॉम्प्युटरवर दोन्हीकडून दाबू."

"भावोजी, दारात चेंगरला म्हणून माणूस सडपातळ होतो का? नुसता कळवळतो."

वहिनींनी नवाच फॉन्ट काढायला घेतला. अंगानं शेलाटा, उजवीकडे झुकलेला, दांडीच्या टोकाला नाजूक पाऊल.

"काढा," दीर म्हणाला. "पण नाट्यगृहाच्या मॅनेजरांना पटला नाही, तर यापुढे फॉन्ट मी ठरवणार. तुम्ही प्रुफं तपासा."

"कबूल."

असं झुकतं अक्षर काढायचं तर कागदावर आधी तिरप्या रेघा आखतात, म्हणजे सगळ्यांचा कल सारखा राहतो. वहिनींनी नाही आखल्या. म्हणे, रेघा नवशिक्यांना लागतात.

नमुन्याची पाटी दारासमोरच्या खांबावर चढली आणि सगळं घर फुटपाथवर आलं. दीर तर खुशीत होता.

"वहिनी, नाव चालतंय खरं, पण दोन घोट घेतल्यासारखं."

खोटं नव्हतं. काही अक्षरं जेमतेम कललेली, काही पार रेललेली. उलगडा केला तो सासूबाईंनी.

"ताठ आहेत ती सकाळची. जेवलीस की तू खुर्चीत लवंडतेस, सूनबाई, आणि तुझ्याबरोबर अक्षरंही. मी रोज बघते. बोलत नाही इतकंच."

सासूबाई बोलत नाहीत हे त्या गल्लीला त्या दिवशी प्रथमच कळलं.

दुसरी कोणी असती तर खट्टू झाली असती. वहिनी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या, मान तिरकी करून पाटी न्याहाळली आणि निकाल दिला, "सकाळची चुकलीत. जेवणानंतरचीच खरी."

आणि होतंही तसंच. सकाळची अक्षरं रांगेत ताटकळल्यासारखी उभी होती. दुपारची कुठेतरी निघाली होती, तीही अंग चोरून, कुणाला धक्का न लावता. वहिनींनी दुपारचा कल मोजला, खोलीचं दार लावून घेऊन मुकाट्यानं रेघा आखल्या आणि सकाळची सगळी अक्षरं नव्यानं काढली. दार लावलं ते कशासाठी, हे घरात कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

नव्या अक्षरांच्या पाट्या चढल्या आणि मॅनेजर आले. पलीकडच्या फुटपाथवरून त्यांनी सगळ्यांत लांब नाव एका दमात, न अडखळता वाचलं. मग जरा धास्तावून विचारलं, "पुढचं नाटक याहून लांब नावाचं आहे. बसेल?"

"लेखकाला म्हणावं, हात आखडू नका. मी बसवते."

दीर तोवर गुपचूप आत सटकून कागद कापायला लागला होता.

"लांब कापा, भावोजी," वहिनींनी बाहेरूनच सांगितलं.