डायवर जेवतो कुठं?

गेणूभाऊ आमदार झाले, पण कुणाचं गाऱ्हाणं त्यांनी बसून ऐकलं नाही. तक्रार घेऊन माणूस बोरी बुद्रुकला आला की त्याला ते घरामागच्या पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये न्यायचे, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचे आणि म्हणायचे, "आता तुमी मंत्री. मी इचारतो, तुमी उत्तर द्या." स्वतः समोर हात जोडून उभे. रस्ता मागायला आलेला माणूस असा उभ्या उभ्या बांधकाममंत्री व्हायचा. नवख्याला वाटायचं, आपली थट्टा चाललीय. काही जण पायात चपला सरकवून सरळ फाट्याची वाट धरायचे.

घराणं मेंढपाळांचं. लहानपणी बापामागं रानोमाळ हिंडलेले. "हरवलेलं मेंढरू हुडकायचं आसंल तर आदी लांडग्यावानी इचार कराया लागतो," असं ते म्हणायचे. सरकार काय बोलणार हे आधी आपणच बोलून बघावं, म्हणजे त्याची पळवाट सापडते, हा त्यांचा सिद्धांत. त्या शेडमध्ये कोंबड्यांचा वास अजून होता. अध्यक्षांच्या जागी त्यांची बायको, शांताकाकू, उलट्या घमेल्यावर बसायच्या. चर्चा लांबली की त्या "भाकरी निवाल्या" म्हणत उठायच्या आणि सभागृह तहकूब व्हायचं.

मी त्यांच्या हाती लागलो तो माझ्या चुकीनं. अवसरी खुर्दला कॉलेजसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. एकदा ते विधानसभेत विचारायचे प्रश्न टाईप करून घ्यायला आले आणि मी आगाऊपणानं त्यांची वाक्यं दुरुस्त केली. "तुमची भाषा लई सरकारी हाय, भाऊ," ते म्हणाले. मी ती स्तुती समजलो. पुढची पाच वर्षं त्यांचे सगळे प्रश्न मी लिहिले. त्याचा साचा ठरलेला. अमुक बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय? उत्तराचाही साचा ठरलेला. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.

अशात एका पावसाळ्यात हौसाबाई आली. आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीतली, हिरडा गोळा करणारी, चाळिशीची बाई. त्यांच्या वाडीत संध्याकाळी एसटीची एक मुक्कामी गाडी यायची आणि सकाळी सहाला पोरांना घेऊन खाली हायस्कुलाच्या गावी जायची. जूनपासून ती बंद होती. हौसाबाईची लेक दहावीला. गाडी नाही म्हणून शाळा नाही, आणि शाळा नाही म्हणून बाप म्हणत होता की उगीच कशाला, कुठं तरी कामाला लावू. दिवाळीपर्यंत गाडी आली नाही तर पोरीचं वर्ष गेलंच, आणि वर्ष गेलं की पोरगी शाळेत परत जात नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. ते सांगायच्या आत तिला मंत्री करण्यात आलं.

आधी ती पदराशी चाळा करत बसली. गेणूभाऊंनी विचारलं, गाडी जूनपासून बंद आहे, हे खरे आहे काय? मी तिच्या कानात उत्तर सांगितलं. ती म्हणाली, "हे खरं न्हाई." शेडमधले सगळे हसले आणि बाईला गोडी लागली. दुसऱ्या फेरीत तिला माझी गरज उरली नाही. गाडी चालू आहे, लोकच येत नाहीत, रस्ता उत्तम आहे, असं ती ठणकावून सांगू लागली. तिसऱ्या फेरीत गेणूभाऊंना तिला पकडता येईना. तिचा नवरा मागं उकिडवा बसून ऐकत होता. तो मला हळूच म्हणाला की गाडी चालू असेल तर आपण उगीच आलो.

तेवढ्यात मंत्रीबाई स्वतःच अडल्या. डायवर-कंडक्टर मुक्कामाला तिच्याच घरी जेवायचे, तिच्याच पडवीत तिच्याच वाकळेवर झोपायचे. ती खुर्चीतून उठून म्हणाली, "गाडी चालू आसंल, तर डायवर जेवतो कुठं? माझ्या घरची वाकाळ जूनपासून घडी घातल्याली हाय."

गेणूभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून तिच्यापुढं धरली. लांडगा सापडला होता.

अधिवेशनाला ते तिला मुंबईला घेऊन गेले, वाकळेसकट. गेटवरच्या पोलिसानं हे काय म्हणून विचारलं, तर गेणूभाऊ म्हणाले, पुरावा. पुरावा आत न्यायची परवानगी नव्हती. वाकळ गेटवर राहिली, तिचा बिल्ला हौसाबाईनं कमरेला खोचला आणि आम्ही दोघं प्रेक्षक गॅलरीत बसलो.

छापील उत्तर आलेलंच होतं. गाडी नियमित सुरू आहे. गेणूभाऊ उपप्रश्नाला उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, ही गाडी जूनपासून बंद आहे, हे खरे आहे काय?"

माझ्या शेजारून हौसाबाई ताडकन उभी राहिली आणि सवयीनं, खणखणीत आवाजात म्हणाली, "हे खरं न्हाई."

सगळं सभागृह मान वर करून बघू लागलं. दोन सुरक्षारक्षक आमच्याकडं धावले. मी तिचा पदर ओढत होतो. खाली मंत्रीमहोदय उभे राहिले, हातातला कागद वर धरला आणि त्यांनी वाचलं, "हे खरे नाही." मग जो हशा उठला, त्यात दोन्ही बाजू सामील होत्या. हसू ओसरू देऊन गेणूभाऊंनी विचारलं, "मग डायवर जेवतो कुठं?"

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांकडं बघितलं. चिठ्ठी आली. त्यांनी ती वाचली, उलटी करून बघितली आणि खिशात घातली. मग म्हणाले की गाडी नियमित आहेच, सोमवारपासून ती अधिक नियमित धावेल.

हे मला नंतर कळलं, आम्हाला तोवर बाहेर काढलं होतं. हौसाबाई पायरीवर बसून रडत होती, पोरीचं वर्ष आपल्याच तोंडानं बुडवलं म्हणून. गेणूभाऊ येऊन तिच्याशेजारी टेकले. "तुजं उत्तर आदी झालं, म्हून त्येंचं कुणाला खरं वाटलं न्हाई," ते म्हणाले. सोमवारी गाडी आली. पोरगी शाळेत गेली.

पुढच्या निवडणुकीत विरोधी उमेदवार गावोगाव ते छापील उत्तर वाचून दाखवू लागला. सरकारी कागद सांगतो की गाडी बंद नव्हतीच, मग यांनी चालू काय केलं? मी संतापलो, पत्रकाचा मसुदा घेऊन बोरीला गेलो. गेणूभाऊ शेडमध्ये लाल खुर्चीवर बसले आणि त्या उमेदवाराची बाजू त्यांनी इतकी नेटकी मांडली की मी हातातला मसुदा खाली ठेवला. "त्येचा मुद्दा बराबर हाय," ते म्हणाले. पत्रक त्यांनी काढू दिलं नाही. ते पडले. मला लोकांचा राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही. शेडमध्ये माणसं मात्र येत राहिली, मंत्री होत राहिली. त्यांचे प्रश्न मांडायला फक्त सभागृह उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी गेणूभाऊ गेले. दशक्रियेला कुकडी नदीच्या काठी गर्दी जमली, पुढाऱ्यांची भाषणं झाली, पण पिंडाला कावळा शिवेना. मुलानं शेताची हमी दिली, पुतण्यानं मेंढरांची दिली. शांताकाकू डोळे पुसत म्हणाल्या की माझी काळजी करू नका. कावळे बाभळीवर बसून होते.

तेव्हा गर्दीतून हौसाबाई पुढं आली. केस पिकले होते. ती मला म्हणाली, "भाऊ, तुमी इचारा. सरकारीत."

मी हात जोडून विचारलं. आहुपे भागातील मुक्कामी गाडी बंद आहे, हे खरे आहे काय?

"हे खरं न्हाई," ती पिंडाकडं बघून म्हणाली. "काल राती डायवर माझ्यात जेवला. तुमच्या नावानं गोड केलं व्हतं."

बाभळीवरून एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. ते उत्तर पाच वर्षं मी छापील वाचलं, पण ते खरं असल्याचं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिथं नोंद घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून ती मी इथं घेतली.