सिद्धान्त त्यांचा, उदाहरण आम्ही

“आफ्रिकेतनं उदाहरणं घ्यायची असतात. सिद्धान्त नाही.”

सर म्हणाले. वर्ग हसला. मी फळ्याजवळ उभी.

एम.ए.चा वर्ग, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. माझं म्हणणं साधं होतं. पुस्तकं सांगतात, प्रत्येक देश एकटा, प्रत्येकाला दुसऱ्याची भीती. हा युरोपचा अनुभव. आफ्रिकेतले विचारवंत म्हणतात, आमच्याकडे माणूस माणसांमुळे माणूस होतो. आमच्या सीमासुद्धा परक्यांनी आखल्या. मग जगाचा विचार आम्ही त्यांच्या डोक्यानं का करायचा?

“तुम्हा लोकांना सगळीकडे आपलंच दुःख दिसतं,” सर म्हणाले. “बस खाली.”

तुम्हा लोकांना. मी नायगावच्या बीडीडी चाळीतली. बाकीचं सरांना हजेरी घेतानाच आडनावावरून कळलं होतं. बसले.

सानिका माझ्याच वर्गात. घर शिवाजी पार्कला, वडील वकील. पुढच्या सत्राला ती लंडनला शिकायला गेली. परतली तेव्हा तिचं व्याख्यान ठेवलं. हॉल भरलेला. बोलली आफ्रिकेवर. एकटा देश, भीती, माणसांमुळे माणूस. सगळं तेच. सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. “काय नवी दृष्टी आहे!”

मी जळले. खोटं कशाला सांगू. तिच्या इंग्रजीवर जळले. तिच्या विमानावर. कुणालाही न घाबरता बघणाऱ्या तिच्या डोळ्यांवर. मधेच अडखळावी, तोंडावर पडावी, असं वाटत होतं. नाही अडखळली. तिनं काही चोरलंही नव्हतं. तीच पुस्तकं तिनंही वाचली होती. म्हणून तर जास्त जळले.

घरी आई भाकऱ्या थापत होती. तिला सगळं सांगितलं.

“त्या पोरीवर कशाला चिडतेस?” आई म्हणाली. “टाळ्या कोणी वाजवल्या?”

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सानिका समोरच बसलेली.

“हिच्या व्याख्यानाचा लेख मराठीत करून दे. वार्षिक अंकात घेऊ. तुझं मराठी छान आहे.”

“सर, हेच मी वर्गात मांडलं होतं.”

“असेल. पण मांडायलाही तयारी लागते.”

सानिकानं मान खाली घातली. “तू बोललीस तेव्हा मी पण हसले होते,” ती म्हणाली.

मला वाटलं, आता तरी सर काही बोलतील. त्यांनी लेख माझ्याकडे सरकवला.

मी परत सरकवला. “नाही करणार. विचार हिचा आणि हमाली माझी? आफ्रिकेचं जे केलंत सर, तेच माझं करताय.”

“तुझ्या प्रबंधाचा मार्गदर्शक मी आहे. विसरू नकोस.”

त्याच दुपारी मी मार्गदर्शक बदलून मागितला. विभागात कुणी माझ्याशी बोलेना. शेवटी एक प्राध्यापक बाई मार्गदर्शक व्हायला तयार झाल्या.

सानिकाचा हेवा अजून वाटतो. वाटू दे.

प्रबंध लिहितेय. विषय तोच, आफ्रिकेच्या नजरेतून जगाचं राजकारण. भाषा मराठी. तोंडी परीक्षेला समितीत सर असणार आहेत. असू देत. पास करायचं की नापास, त्यांचं त्यांनी बघावं. मी एक ओळ कमी करणार नाही.