गळकी बंदूक

आखातातल्या सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पंप येतात, व्हॉल्व येतात, गळणारं काहीही येतं. पण बंदूक गळते म्हणून कुणी आणलेली मी पहिल्यांदाच पाहिली. आणणारे खुद्द अरबाब, म्हणजे आमचे मालक. काळी दारू भरून उडवायच्या जुन्या बंदुकीची नवी घडवलेली नक्कल, लायसन्स वगैरे रीतसर. धाकट्या मुलाच्या लग्नात पुरुषांच्या नाचात त्यांना हवेत बार काढायचा होता. बार निघाला की नळीच्या मागच्या फटीतून तापलेला गॅस थेट तोंडावर यायचा. आणि अरबाबांचा डावा डोळा आधीच गेलेला. उरला होता तो उजवा, नेम धरायचा.

माझा जोडीदार फिटर रायगडचा. तो म्हणाला, "टेफ्लॉन टेप गुंडाळ की!"

"अरे शहाण्या, ही काय न्हाणीघरातली तोटी आहे?"

मागून नळी बंद करणारा लोखंडी ठोकळा मी पेस्ट लावून घासत बसलो, व्हॉल्व घासतो तसा. मग अरबाबांच्या मळ्यात बंदूक लाकडाला आवळून बांधली, फटीभोवती टिश्यू पेपर लावला आणि लांबून दोरीने चाप ओढला. घासण्याआधी असाच बार काढला तेव्हा कागदाची चाळण झाली होती, आता नुसते काळे ठिपके. पण ठिपके होतेच.

"खलास, झालं काम!" अरबाब खूश.

"नाही झालं, हाजी. ग्राइंडिंगचा चष्मा लावणार असाल तरच काढा बार."

"लग्न आहे की वेल्डिंग?" ते हिंदीत डाफरले.

मी मुळातच फटकळ. माझा व्हिसा ज्यांच्या हातात, त्यांनाच म्हणालो, "बंदूक तुमची, डोळाही तुमचाच. पण काम माझ्या हातचं आहे. उद्या तुम्ही आंधळे झालात तर मला घास गिळवेल का?"

ते बंदूक उचलून निघून गेले. जोडीदार म्हणाला, "भर आता बॅग."

लग्न हिद्द गावात होतं, आम्हालाही बोलावणं होतं. अरबाब आले ते जरीच्या झग्यावर आमचा ग्राइंडिंगचा प्लास्टिकचा चष्मा लावून! पोरं खो-खो हसली. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. बार काढला.

धूर विरला. त्यांनी चष्मा उतरवला. उजव्या काचेवर काजळी, आणि मधोमध वितळून पडलेला खड्डा. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, बंदूक माझ्या हातात दिली आणि मुलाला जवळ ओढून त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"काय बघताय?" नवरदेव हसत म्हणाला.

"तुला," ते म्हणाले. एवढी अरबी मला कळते.