निळं झाकण की पांढरं

मैत्री आणि निखिल,

तुमच्या आईनं विचारलंय, डिसेंबरात भारतात येऊ तेव्हा मुलांसाठी कोणतं पाणी आणून ठेवाल? मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्याआधी तुम्हालाच लिहिते, कारण खरं उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

मी सोयगाव सोडलं ते कॉलेजसाठी. एसटी सुटायच्या आधी वडील खिडकीपाशी आले. अभ्यास कर, पत्र लिही, असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "कुणी पाणी दिलं तर भांडं हातात देतात का बघ. वरून ओततील तिथं तहानलेली राहा." त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीत आपल्या जातीच्या माणसांना पोहरा सोडू देत नसत. कुणाला दया आली तर ओंजळीत वरून ओतत. शहरात उस्मानपुऱ्यात खोली घेतली, तेव्हा मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी पेला माझ्या हातात दिला. मी तो इतका वेळ धरून बसले की त्या म्हणाल्या, "अगं पी की, औषध नाही ते!"

आता त्याच शहरात, पुंडलिकनगरात, माझ्या स्वयंपाकघरात तीन तऱ्हेचं पाणी आहे. नळाचं, येईल त्या दिवशी भरून ठेवलेलं, भांड्यांना. जारचं मला. सीलबंद बाटल्या पाहुण्यांना. गोंधळ नको म्हणून मी प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली आहे. दुकानात मिनरल वेगळं, पॅकेज्ड वेगळं. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचायची. पाण्यासाठी एवढं वाचायचं म्हणजे थकायला होतं.

गेल्या खेपेला आपण सोयगावला माझ्या वहिनीकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोकडे गेलो होतो. तिनं तुमच्यापुढं पेले धरले. तुम्ही बॅगेतून आपापल्या बाटल्या काढून दाखवल्या. तुम्हाला तसंच शिकवलं होतं. आईचंही चूक नाही. त्याआधीच्या खेपेला निखिलला सलाइन लावावं लागलं होतं. वहिनी हसली. "लई शहाणी लेकरं हायेत," म्हणाली आणि पेले आत घेऊन गेली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "वन्सं, आधी गाव आपलं पाणी घेत नव्हतं. आता आपलेच घेईनात."



परवा तिचाच फोन आला. "लेकरं येणार हायेत ना? दुकानात उभी हाय मी. निळ्या झाकणाची घेऊ का पांढऱ्या? तुम्ही इंग्रजी शिकलेल्या, तुम्ही सांगा." मागून दुकानदार म्हणत होता, "मावशी, दोन्ही चांगल्याच. लवकर बोला."

मी म्हटलं, "एकही घेऊ नको. मी येऊन तुझ्या शेगडीवर पाणी उकळीन."

"अन् पितील का ते?"

"विचारते."

म्हणून हे लिहिलं. बाकीचे सगळे दिवस सीलबंद पाणीच प्या, मी खोकी आणून ठेवते. तिच्याकडे मात्र खळखळ उकळून गार केलेलं पाणी तिच्या हातून घ्यायचं. जमणार नसेल तर आईशी बोलून आत्ताच कळवा. रागावणार नाही. मग आपण सोयगावला जायलाच नको. ते भरलेले पेले आत जाताना पुन्हा बघायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

सोयगावात आता माझं म्हणावं असं फारसं काही नाही. आईवडील नाहीत, भाऊ गेला, जन्मले ते घर विकलं. वहिनी आहे. तिच्या दारात कुणीही आलं, तरी ती आधी पाणी विचारते.

तुमची आजी