डोंगरातल्या घरी ओतलेला रस्सा

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. मुलीला नाही, प्रार्थनालयात नाही. किप्पूरच्या उपासाला सगळे आपापली पापं आठवत उभे असतात, तेव्हाही मी हे एक वगळून पुढे जातो. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या आक्काला ओळखत नाही.

मी इथे इस्राएलात, लोदला एका कारखान्याच्या गोदामात हिशेब बघतो. मालात एक खिळा कमी भरला तर मला झोप लागत नाही. आणि अशा माणसाने — पण थांबा, आधी ते घर.

बासष्टच्या उन्हाळ्यात गॅलिलीच्या डोंगरातल्या एका खेड्यात मी आठवडाभरासाठी घर भाड्याने घेतलं. दोन दगडी खोल्या, गॅसची शेगडी, मालकाची भांडी — मांसाची तांबड्या खुणेची, दुधाची निळ्या, कारण आमच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र येऊ देत नाहीत. स्वयंपाक आपला आपण करायचा. लोकांना सांगितलं, हवा बदलायला जातो. खरं काय? माझ्या लेयाचं लग्न ठरत होतं. मुलाचे आईवडील पोलंडकडचे, दर उन्हाळ्यात त्याच खेड्यात राहायचे. त्यांनी आमची लोदची जागा बघू नये, आमचे शेजारी बघू नयेत — म्हणून तो खर्च. त्या दिवसांत आम्हा कोकणातून आलेल्या बेने इस्राएल लोकांना लग्नाच्या वेळी विचारत, तुम्ही पुरे यहुदी कशावरून? मुलाच्या आईच्या मनातही तेच असणार. तिने बोलून दाखवलं नव्हतं. मीच वाट बघत होतो, कधी बोलते याची.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिने मला वाढवलं, बायको गेल्यावर लेयाला. अजून माझ्याच घरी असते. रेवदंड्याला मटण शिजायचं त्या दिवशी ताकाचं भांडंसुद्धा ती चुलीजवळ येऊ देत नसे. आणि मी? कामासाठी तेल अविवला गेलो की समोर येईल ते खातो. हेही सांगून टाकतो.

मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना जेवायला बोलावलं. मुंबईहून कुणी आणलेले नारळ आक्काने लोदहून बांधून घेतले होते. खवणी नव्हती. सुरीने किसत, फडक्यातून पिळत ती सकाळपासून बसली होती. नारळाच्या रसातला कोंबडीचा रस्सा. पाहुण्यांना सोसणार नाही म्हणून मिरची नाही, हळदसुद्धा नाही. "जेवायला येतायत, का दवाखान्यातून सुटून येतायत?" म्हणाली आणि हसली. रस्सा पांढराफेक झाला.

लेया आणि मुलगा झऱ्याकडे गेले होते, मुलाचे वडील अंगणात. मुलाच्या आईने पातेल्यात डोकावलं आणि ती मागे सरली. हिब्रूत मला म्हणाली, "कोंबडी, दुधात? तुमच्यात हे चालतं?"

एक शब्द पुरला असता. नारळ. करवंट्या तिथेच पडल्या होत्या — हात लांब करून दाखवायच्या, बस. का नाही दाखवल्या? वाटलं, सारवासारव दिसेल. वाटलं, नारळ म्हणजे पुन्हा हिंदुस्थान, पुन्हा प्रश्न. — नाही, हेही खोटं. मला त्या बाईच्या बाजूला उभं राहायचं होतं. एवढंच.

मी म्हणालो, "ही खेड्यातली आहे. हिला काही कळत नाही. आम्ही घरी असलं खात नाही."

आणि पातेलं उचलून मागच्या दारी ओतलं. तुकडे मातीत पडले, मांजरं आली. करवंट्या मी पायाने पाचोळ्याखाली दडपल्या. बोटांना तो गोडसर वास लागला होता, कितीही धुतले तरी जाईना. किळस आली — रश्श्याची नाही.

आक्काला हिब्रू येत नाही. "काय रे झालं? लिंबू चोखल्यासारखं तोंड का केलंन तिनं?"

"मीठ फार झालं म्हणते."

"एवढं, की सगळं ओतलंस?"

मी मान हलवली.

"असेल बाबा. माझी जीभच म्हातारी झाली."

मग तिने पदर सारखा केला आणि बाई अंगणात बसली होती तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिला हिब्रूचा एकच शब्द येत होता, बसमध्ये धक्का लागला की म्हणायचा. हात जोडून म्हणाली, "स्लिखा." माफ करा.

बाईला वाटलं, गुन्हा कबूल केला. तिचा चेहरा सैल झाला. आक्काच्या खांद्यावर थोपटून ती मला म्हणाली, "चूक मानते, हे बरं आहे. शिकवा तिला."

मी उभा होतो. त्याच दुपारी लग्न पक्कं झालं.

"काय म्हणाली?" आक्काने नंतर विचारलं.

"चालायचंच, म्हणाली."

"बघ. मनाची चांगली आहे हो बाई. आपल्या लेयाला नीट सांभाळील."

मी हो म्हणालो. घरात पाव आणि टोमॅटो होते. आक्काने एक टोमॅटो कापून माझ्यापुढे ठेवला, मीठ न घालता. मी तो खाल्ला.