स्टेजवर राहून गेलेला अंगठा

अण्णांचा प्रयोग मी पाडला. मी त्या दिवशी तिथे नव्हतोसुद्धा, तरी तो माझ्यामुळेच पडला. हे आधी लिहून टाकलेलं बरं.

मी जादूगार आहे, जालन्यात राहतो. शाळांची स्नेहसंमेलनं, वाढदिवस, व्यापारी मंडळांचे फॅमिली प्रोग्राम यांवर गेली वीस-बावीस वर्षं माझं घर चालतं. दिगंबरअण्णा अंबडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आमच्या भागात त्यांच्याइतका जुना जादूगार आता दुसरा नाही. सुरुवातीला मी त्यांच्याच मागे फिरलो आणि त्यांनी मला पत्त्यांच्या आधी झाडू शिकवला.

"प्रोग्राम झाला की स्टेज आपण झाडायचं," ते म्हणायचे. "कागदाचा कपटा, दोऱ्याचा तुकडा, मेणाचा ठिपका, काही मागं ठेवायचं न्हाई."

जागा ज्यांची आहे त्यांचा मान म्हणून हे करायचंच. पण आमच्या धंद्यात दुसरंही कारण आहे. बाकीच्यांचा कचरा नुसता कचरा असतो, आमच्या कचऱ्यात गुपितं असतात. मी टाकून आलेला दोरा उद्या त्याच स्टेजवर दुसऱ्या जादूगाराला उघडा पाडतो.

जानेवारीत कुंभार पिंपळगावच्या एका शाळेने मला दोन दिवस मागितले. शनिवारी लहान मुलांसाठी, सोमवारी हायस्कूलसाठी. सोमवारी मी धावड्याला बुक होतो. म्हणून मीच मुख्याध्यापिकाबाईंना अण्णांचं नाव दिलं.

शनिवारी पाहुण्यांची भाषणं लांबली. माझा शेवटचा आयटम बर्फाचा असतो. ओला कागद मुठीत दाबायचा, पंख्याने वारा घालायचा आणि स्टेजभर पांढरे कपटे उडवायचे. पोरं खूश झाली. घड्याळात सव्वातीन वाजले होते आणि संध्याकाळी सहाला मला केदारखेड्यात, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, उभं राहायचं होतं. मी झाडू मागितला तर बाई म्हणाल्या, "राहू द्या हो सर, आमच्या मावशी करतील."

मला ते हवंच होतं. माझ्या पेटीच्या झाकणाला आतून सामानाची यादी चिकटवलेली आहे. एकेक वस्तू आत टाकायची आणि यादीवर बोट ठेवायचं. त्या दिवशी मी सगळं दोन्ही हातांनी लोटलं आणि झाकण दाबून बसवलं.

मागे काय राहिलं? आम्ही त्याला गिमिक म्हणतो. प्रयोग ज्याच्यामुळे होतो आणि जे प्रेक्षकाला कधीच दिसायला नको, ते. माझं गिमिक म्हणजे अंगठ्यावर बसणारी, कातडीच्या रंगाची एक पोकळ टोपी. तिचं काम कसं चालतं ते मी इथे सांगणार नाही. रुमाल गायब करायचा प्रयोग तिच्यावर चालतो आणि ती एकदा दिसली की तो प्रयोग संपला, इतकं पुरे.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास धावड्यात मी पडदा बांधत होतो. फोन आला.

"सर, म्या शेवंता बोलून राह्यले, पिंपळगावच्या शाळेतून. तुमचा रबरी अंगठा घावला बघा आज सकाळी झाडताना. पोरांनी लई धिंगाणा घातला त्याचा. ह्या वर्गातून त्या वर्गात, बोटात घालून नाचून राह्यले. आता हिसकून घेतलाय म्या."

"कोणत्या वर्गातली पोरं, मावशी?"

"समद्याच. मोठी बी."

"ठेवून द्या," मी म्हणालो. "नंतर नेतो."

अण्णांचा प्रोग्राम बाराला होता. माझ्याकडे दोन तास होते आणि हातात फोन होता. अण्णा रुमालानेच सुरुवात करतात, दर वेळी करतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं की आज कदाचित करणार नाहीत. फोन खिशात टाकला आणि पडद्याची दुसरी दोरी बांधायला घेतली.

पुढचं मला दुपारी मुख्याध्यापिकाबाईंकडून कळलं. अण्णांनी लाल रुमाल मुठीत कोंबला. मूठ उघडायच्या आतच आठवीतली एक पोरगी ओरडली, "आजोबा, अंगठा काढून दाखवा!" मग सगळा हॉलच ओरडायला लागला, अंगठा, अंगठा. अण्णांनी रुमाल खिशात ठेवला, दोरीचा एक प्रयोग कसाबसा केला आणि नमस्कार करून उतरले.

"वय झालं हो त्यांचं," बाई म्हणाल्या. मी "हो" म्हणालो.

बुधवारी अण्णांचा फोन आला. "सुधाकर, माझी पेटी घेऊन जा. तुझ्या कामी येईल."

"का हो अण्णा?"

"हात गेला. कंप हाये थोडा, तुला बोललो न्हवतो. वाटलं, स्टेजवर दिसत न्हाई. पण आठवीच्या पोरीला सरळ दिसला अंगठा. पुढचे प्रोग्राम न्हाई म्हणून सांगितले समद्यांना."

आता तरी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "व्हतं एखाद्या दिवशी, अण्णा."

त्यानंतर अडीच आठवडे माझं कशात लक्ष लागेना. पेटी बंद करायचो, परत उघडायचो. गाडी सुरू करून पुन्हा उतरायचो, डिकी बघायचो. एका व्यापारी मंडळाच्या प्रोग्रामला मी साध्या पत्त्यांत चुकलो. समोरचे शेठजी हसून म्हणाले, "अरे भाई, ध्यान किधर है?" अण्णांचा नंबर दिवसातून चार वेळा काढायचो आणि ठेवून द्यायचो. म्हातारा माणूस आपले हात गेले म्हणून घरी बसला होता. प्रयोग हातामुळे पडला नव्हता हे फक्त मला माहीत होतं.

शेवटी बायकोने विचारलं, "एकाच पेटीत तिसऱ्यांदा हात घालून राह्यलात. काय हरवलंय?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लोकांना फसवायचा धंदा तुमचा. ह्या टायमाला बराबर जमलं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी मी अंबडला गेलो. अण्णांची पेटी ओसरीवर दोरीने बांधून ठेवली होती. त्यांना वाटलं, मी तीच न्यायला आलोय.

"बस. चहा घे, मंग उचल."

"पेटी न्यायला न्हाई आलो, अण्णा. तुमचा हात गेलेला न्हाई." आणि मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. शनिवार, न झाडलेलं स्टेज, मावशींना सापडलेला अंगठा, वर्गावर्गांत फिरलेला.

अण्णांनी विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"तुमच्या प्रोग्रामच्या दोन तास आधी. मावशीचा फोन आल्ता."

त्यांनी हात मांडीवर ठेवले. बोटं खरंच थोडी हलत होती.

"मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलो, सुधाकर. पोराला म्हटलं, सही करता येईना झाली. बिलकुल येती. पण मला वाटायला लागलं की येत न्हाई." आवाज चढला. "अंगठा राह्यला, मी समजू शकतो. माझा बी राह्यलाय एकदा. फोन का न्हाई केलास?"

"लाज वाटली. झाडू तुम्हीच शिकवला होता."

"मंग? वाचली का लाज?"

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं.

"मला एकट्याला सांगून काय उपयोग? तिथं त्या बाईला वाटून राह्यलं, म्हातारा संपला. चल तिथं. आत्ताच्या आत्ता."

शाळेने अण्णांना पुढे परत बोलावलं, ते गेले आणि रुमालानेच सुरुवात केली, हे नंतरचं. मी आता यजमान कितीही नको म्हणाले तरी झाडू मागून घेतो. काही राहिलंच, तर पुढच्या माणसाला आधी फोन करायचा आणि लाज मागाहून वाटून घ्यायची. बावीस वर्षांनी शिकलेली एवढीच विद्या.

त्या दिवशी अंबडहून आम्ही दोघं माझ्या गाडीने थेट शाळेत गेलो. ऑफिसात मी शेवंतामावशींनाही बोलवायला सांगितलं. पहिली दोन वाक्यं ऐकूनच मुख्याध्यापिकाबाई मला सांभाळून घ्यायला लागल्या. "अहो सर, स्टेज राहू द्या असं मीच म्हटलं होतं ना."

"तुम्ही म्हटलं होतं, बाई. पण सामान माझं होतं, ते मोजायचं काम माझं होतं," मी म्हणालो. "मावशी, माझा कचरा तुम्हाला काढायला लावला आणि वर तुम्ही फोन करून सांगितलंत तरी मी काही केलं नाही. बाई, अण्णांचं वय झालं असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी हो म्हणालो. ते खोटं होतं. त्यांचा हात चुकला नाही, मी चुकलो. आणि अण्णा, मला सगळं माहीत असून तुम्हाला घरी बसू दिलं. मला माफ करा."