आभाळाच्या भरवशावर मोडलेली गंज

मोबाईलवरची एक बातमी वाचून मी एकदा वर्षाच्या वैरणीची अख्खी गंज देऊन टाकली. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे अठ्ठावन्नची. त्या वयात बाईला वाटतं, आता आपल्याला सगळं कळतं.

मुंबईच्या लेकानं नुकताच मोबाईल दिला होता, बोट फिरवायचा. ऐन उन्हाळ्यात त्यावर बातमी आली की यंदा पावसाळा सरासरीपेक्षा जास्त. ती मी ओट्यावर वाचली, देवळात वाचली, गिरणीत दळणाच्या रांगेत उभी राहून वाचली. आमचं गाव म्हसवडजवळचं. आमच्या दुष्काळी माण तालुक्यात पावसाची बातमी लोक सोयरिकीच्या बोलणीसारखी ऐकतात. तोंड गोड करतात, पण सुपारी फुटल्याशिवाय मांडवाला हात लावत नाहीत. गावानं माझं सगळं ऐकून घेतलं, माना डोलावल्या आणि आपापल्या गंजी झाकून ठेवल्या. शहाणी तेवढी मीच.

आमच्या दारापुढं शाळूच्या कडब्याची गंज रचलेली होती. सासूबाईंचा नियम होता, नवा कडबा दारात आल्याबिगर जुनी गंज पुरती मोडायची नाही. पण सासूबाईंच्या काळी मोबाईल कुठं होता? शिवाय गंजीच्या जागेवर मला मोगरा लावायचा होता. हे कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज सांगते.

त्याच वेळी जतला आमच्या विहीणबाईंकडं, लेकीच्या सासूकडं, वैरण संपत आली होती. या बाई मेंढरांशी कानडीत बोलतात आणि माझ्याशी मराठीत. मेंढरांशी जास्त बोलतात. मी फोन करून म्हणाले, "टेम्पो पाठवते. समदा कडबा घ्या. आमच्याकडं यंदा लय पाऊस हाय." जणू ढगांचा सातबारा माझ्या नावावर होता.

आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले. टेम्पोचा दोर आवळता आवळता म्हणाले, "अंदाज हाय गं त्यो. आर्डर न्हाई."

"तुमी गप बसा. वरनं आलंय."

"वरनं पाणी येऊ दे, मग बोलू."

मी चार-दोन पेंढ्या ठेवल्या, शास्त्रापुरत्या.

मृग कोरडा गेला. आर्द्रा लागली. ढग महाबळेश्वरावर रिकामे होऊन यायचे आणि आमच्यावरून नुसती सावली ओढत जायचे. मग मोबाईलवर नवी बातमी आली, 'सुधारित अंदाज, पावसात खंड'. माणसाला सुधारायला जन्म पुरत नाही, अंदाज दोन महिन्यांत सुधारला. तोवर माझा मोगरा वाळून काडी झाला होता.

मोगऱ्याचं काही नाही. गोठ्यात म्हैस होती, आणि ती गाभण होती. फौजेतून आल्यावर यांनी तिला रेडी असताना आणून वाढवलेली. त्यांची चाहूल लागली की ती रवंथ थांबवायची. माझ्या येण्याची तिनं कधी दखल घेतली नाही. शास्त्रापुरत्या पेंढ्या आठवड्यात संपल्या, मग बांधावरचं वाळकं गवतही संपलं. लिंबाचा पाला टाकला, तिनं तोंड फिरवलं. विकत कडबा मिळेना. ज्यांच्याकडं होता त्यांनी तो पोरासारखा जपलेला. भुकेनं ती दिवसभर रेकायची.

आणि विहीणबाईंचा रोज फोन. जतला दोन पाऊस बरे झाले होते, बांधाला गवत आलं होतं. त्या विचारायच्या, "पडला का?"

मी म्हणायची, "पडतोय की. रिमझिम."

रोज रिमझिम. दिलेली वैरण परत कुठल्या तोंडानं मागायची? लेकीनं विचारलं तरी रिमझिम. एकदा तर मी म्हणाले, धुणं वाळंना बघा. तेव्हा दोरीवरची लुगडी उन्हात पापडासारखी कडकडत होती.

बैलांचा बेंदूर झाला. बाजाराच्या आदल्या दिवशी हे तेलाची वाटी घेऊन गोठ्यात गेले आणि म्हशीची शिंगं चोळत बसले. मी दारात उभी होते. जनावराची शिंगं बाजाराच्या आदल्या दिवशी कशाला चोळतात, हे माणात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. हे एवढंच म्हणाले, "पोटुशी हाय. कुनीतरी चांगला बघून दिऊ." गंजीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर भांडून तरी मोकळी झाले असते. मी चुलीपुढं बसले आणि भाकरी करपू दिली.

सकाळी हे दावं सोडायला गेले, तेवढ्यात रस्त्याच्या वाकणावर टेम्पो वाजला. तोच टेम्पो. ड्रायव्हरच्या शेजारी विहीणबाई, मागं आमचा कडबा. तिसरा हिस्सा त्यांच्या बैलांनी खाल्लेला. बाकीचा त्यांनी दगडांवर रचून ताडपत्रीखाली ठेवलेला, एक पेंढी भिजलेली नाही. वर चार भारे हिरवा मका. यांनी दावं परत खुंट्याला बांधलं आणि टेम्पोचा दोर सोडायला लागले. मी दाराआड उभी. पदर तोंडाला लावला होता, लोकांना वाटलं रीत म्हणून.

ती म्हैस पुढं आमच्याच गोठ्यात व्याली. रेडी झाली. पहिला चीक मी स्वतः एसटीनं जतला नेला, डबा मांडीवर धरून. आज त्या रेडीची रेडी दारात आहे आणि तीही मला ओळख दाखवत नाही. अंदाज मी अजून वाचते. उद्याचा बघून सांडगे घालते, चार महिन्यांचा ऐकते आणि गंज झाकते. मोगरा कुंडीत लावलाय. सासूबाईंची माफी मागून झाली. विहीणबाईंचे उपकार मात्र मला फेडायचे नाहीत. काही उपकार अंगावर असू द्यावेत, माणूस जरा नीट वागतो.

त्या दिवशी कडबा उतरवून झाल्यावर मी त्यांना चहा दिला. लेकीनं काहीतरी ताडून चुगली केली असणार, असा माझा पक्का संशय होता. म्हणून खाली मान घालून विचारलं, "तुमाला सांगितलं कुनी?"

त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सांगाय कशाला पायजे, ईनबाई? फोनवर तुमी रिमझिम म्हणायचा आन् मागनं म्हस वरडायची. म्या तिचं ऐकलं."